डब्यातला आवाज

मामू दम्मामहून कायमचे परत आले ते 1997 साली. चौदा वर्षं त्यांनी तिथे एअर कंडिशनर दुरुस्त केले. गल्फहून परतणाऱ्या माणसाच्या सामानाकडे सगळी गल्ली डोळे लावून असते, तशी आमच्या मिरजेतली गल्लीही होती. ब्लँकेटं आली, मिक्सर आला, नानीसाठी जानमाज आली. शिवाय समुद्रमार्गे दोन महिन्यांनी दोन लाकडी खोकी आली. हमालांनी ती सोप्यात ठेवली तेव्हा नानी म्हणाली, "संदुका कशाला आणल्यास रे एवढ्या?"

संदुका नव्हत्या, स्पीकर होते. बोस कंपनीचे 901. मामूंच्या कंपनीतला एक अमेरिकन इंजिनिअर मायदेशी परत चालला होता, त्याच्याकडून मामूंनी ते घेतले होते. किती रियालला घेतले ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मामीने विचारायचं सोडलं नाही. चौदा वर्षांत मामूंनी स्वतःसाठी घेतलेली ही एकच वस्तू. बाकी सगळं कुणाच्या तरी लग्नात, कुणाच्या तरी ऑपरेशनमध्ये, घराच्या स्लॅबमध्ये गेलं.

गावातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने एक जुना जपानी अॅम्प्लिफायर मिळवून दिला, वायरी जोडल्या. स्पीकरसोबत एक चपटी पेटीही होती, दोन-चार बटणांची. तिच्या मागे 120 व्होल्ट असं छापलेलं पाहून तो म्हणाला, "ही लावू नका मामू, आपल्या लाइटीवर जळून जाईल. नसली तरी चालतंय." पेटी कपाटात गेली, फ्रिजच्या कागदांच्या खाली.

त्या बकरी ईदला घरात तीसेक माणसं होती. जेवणं झाल्यावर मामूंनी कव्वालीची कॅसेट लावली आणि सगळ्यांकडे पाहत उभे राहिले. सगळे गप्प. लोक आदराने गप्प होते की काय बोलावं ते न सुचून, मला माहीत नाही. मी सतरा वर्षांची होते, बारावीला होते, वर्गात हजरजबाबी म्हणून मला टाळ्या मिळायच्या. मी म्हणाले, "मामू, ये आवाज तो तेल के डब्बे में से आ रहा!"

सोपा हसला. मामूही हसले. नंतर कधीतरी नानीने विणलेले दोन रुमाल त्या खोक्यांवर आले, मग एका खोक्यावर फुलदाणी आली, दुसऱ्यावर टेलिफोन. पुढची वीस-बावीस वर्षं ते स्पीकर आमच्या घरात टेबलं म्हणून राहिले.

आता थोडं त्या कंपनीबद्दल सांगते. मामूंना ही गोष्ट पाठ होती आणि ती त्यांच्या आवडीचा अर्धा भाग होती. अमर गोपाल बोस यांचा जन्म 1929 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला झाला. वडील नोनी गोपाल बोस बंगाली क्रांतिकारक. इंग्रज सरकारच्या हातून निसटून ते अमेरिकेला पोचले. दुसऱ्या महायुद्धात वडिलांचा आयातीचा धंदा बसला तेव्हा शाळकरी अमर रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावत होता. पुढे एमआयटीत शिकला, तिथेच डॉक्टरेट केली. 1956 च्या सुमारास स्वतःसाठी एक चांगला स्टिरिओ घेतला. कागदावरची त्याची मापं उत्तम होती, पण घरी आणून लावल्यावर व्हायोलिन व्हायोलिनसारखं वाजेना. मापं चांगली आणि आवाज वाईट, असं का? या एका प्रश्नामागे हा माणूस पुढची सगळी वर्षं लागला. 1964 ला कंपनी काढली, पण एमआयटीतलं शिकवणं 2001 पर्यंत सोडलं नाही. मी शिक्षिका असल्यामुळे मला त्यांची ही बाजू जास्त भावते. 2011 साली त्यांनी कंपनीचे बहुसंख्य शेअर एमआयटीला देऊन टाकले. मतदानाचा हक्क नसलेले शेअर, म्हणजे कंपनी चालवण्यात विद्यापीठाने लुडबुड करायची नाही, नफा मात्र शिक्षणाकडे जायचा. 2013 मध्ये ते गेले.

"बंगाल्याचा पोरगा, अमेरिकेत नंबर एक," मामू म्हणायचे. दम्मामच्या शोरूममध्ये काचेपलीकडे ती पाटी पाहून त्यांना आपला कुणीतरी भेटल्यासारखं वाटायचं. परदेशात बारा-बारा तास दुसऱ्यांचे एसी थंड करणाऱ्या माणसाला हे का वाटावं, ते समजायला मला चाळिशी यावी लागली.

या कथेतला दुसरा पक्ष म्हणजे माझा धाकटा भाऊ. पुण्यात इंजिनिअर आहे आणि आवाजाच्या नादाला लागलेला आहे. त्याच्या फ्लॅटमध्ये दोन छोटे स्पीकर स्टँडवर उभे आहेत, त्यांच्यासमोर बरोबर मधोमध एक खुर्ची आहे, आणि त्या खुर्चीच्या पायांच्या जागी फरशीवर टेपच्या खुणा आहेत. मोलकरणीने खुर्ची सरकवली तर त्याला घरात पाऊल टाकताच कळतं. अशा लोकांत बोसचं नाव काढून बघा. जगभर सामान्य माणसाला विचारलं की भारी स्पीकर कुठले, तर तो बोस म्हणेल. आणि नाद लागलेला माणूस कपाळाला आठ्या घालेल. इंग्रजीत तर यमक जुळवून केलेली एक जुनी चेष्टाही आहे: वरचे सूर नाहीत, खालचे नाहीत, म्हणजे हा बोसच असणार.

एकाच नावाबद्दल एवढी दोन टोकं कशी, हे मला भावाकडून समजून घ्यायचं होतं. पण दर वेळी आमची चर्चा मामूंच्या खोक्यांपाशी येऊन थांबायची. त्याने ते स्पीकर लहानपणी जसे वाजताना ऐकले होते, तसेच त्याच्या डोक्यात होते. "आपाच म्हणाली होती ना, तेलाचा डबा," तो मामूंसमोरच म्हणायचा. माझं वाक्य घरात म्हणीसारखं झालं होतं.

2021 च्या पावसाळ्यात तो महिनाभर मिरजेला राहिला. घरून काम चाललं होतं, वेळ जात नव्हता. एक दिवस त्याने फुलदाणी उचलून खोकं वळवलं आणि ओरडला, "मामू, इक्वलायझर किधर है?"

कपाटातून ती चपटी पेटी निघाली. फ्रिज केव्हाच भंगारात गेला होता, त्याचे कागद अजून होते.

मला कळलं ते असं. 901 मध्ये एका खोक्यात नऊ स्पीकर असतात, सगळे सारखे, साधारण चार इंची. त्यांतला एक समोर, म्हणजे ऐकणाऱ्याकडे, आणि आठ मागे, भिंतीकडे तोंड करून. इतर कंपन्या खालच्या सुरांना मोठा शंकू आणि वरच्या सुरांना छोटी टोपी वापरतात. इथे ती विभागणीच नाही. चार इंची शंकूंकडून तबल्याच्या डग्ग्यापासून झांजेपर्यंत सगळं काढून घ्यायचं तर त्यांच्याकडे जाणारा सिग्नल आधीच हवा तसा वाकवावा लागतो. खालचं टोक वाढवायचं, वरचंही वाढवायचं. ती चपटी पेटी हेच करते. ती जोडलेली नसेल तर फक्त मधले सूर उरतात. डब्यातून आल्यासारखे. तेव्हा दम्मामकडे घरगुती वीज कमी व्होल्टची होती, आमच्याकडे 230. दुरुस्तीवाल्याची भीती खरी होती. "नसली तरी चालतंय" हे मात्र खरं नव्हतं.

भावाने व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मागवला. शंकूंच्या कडेला फोमची कडी असते, ती त्या काळच्या बऱ्याच स्पीकरांत वर्षांनी भुगा होते. आमच्याही झाल्या होत्या. अठरा कडी त्याने स्वतः बदलल्या, सोप्यात सतरंजी टाकून, आठ दिवस. मामू त्याच्याशेजारी बसून गोंदाची ट्यूब धरत होते. मग मागची भिंत मोकळी केली, कॅलेंडर आणि पडदा काढला, खोकी भिंतीपासून फूटभर पुढे ओढली. त्या स्पीकरांना भिंत लागते, भिंत हा त्यांचा निम्मा भाग आहे.

ऐकायला शेजारचे चाचा आले. ते सतारमेकर गल्लीतले. सत्तरी ओलांडलेली, पन्नास वर्षं तंबोरे आणि सतारी बनवलेल्या. भावाने मुद्दाम बोलावलं होतं, चाचांचे कान आपल्या बाजूने साक्ष देतील अशी त्याची खात्री होती. मीरासाहेबांच्या दर्ग्यातल्या उरुसाला चाचा लहानपणापासून पहिल्या रांगेत बसत आले आहेत. जे ऐकायचं ते समोर बसून, लाऊडस्पीकरशिवाय.

मामूंनी कव्वाली लावली. तीच, फक्त आता सीडीवर.

आवाज डब्यातून आला नाही. कुठून आला तेच सांगता येईना. खोकी दिसत होती, पण आवाज त्यांच्यातून येत नव्हता, सगळी समोरची भिंतच गात होती. स्वयंपाकघराच्या दारात मामी उभी होती, तिला जसं ऐकू येत होतं तसंच मला जिन्याच्या पायरीवर. टाळ्यांचा ठेका सुरू झाला तेव्हा नात उठून नाचायला लागली.

भाऊ आपल्या सवयीने मधोमध खुर्ची ओढून बसला होता. पाच मिनिटांनी म्हणाला, "चांगलं वाजतंय. पण मुख्य कव्वाल केवढा मोठा झालाय, आठ फुटांचा! त्याच्या डाव्या हाताला हार्मोनियम असायला पाहिजे, ती कुठे आहे सांगता येतं का? सगळं फासलंय." मामू म्हणाले, "तुला हार्मोनियम कुठे आहे ते कशाला पाहिजे? उचलून न्यायचीये?"

भावाचा मुद्दा चेष्टेवारी नेण्यासारखा नव्हता, हे मी नंतर समजून घेतलं. रेकॉर्डिंग करताना माइक कुठे ठेवायचा, कुणाचा आवाज डावीकडे, कुणाचा उजवीकडे, हॉलची गुंज किती घ्यायची, हे सगळं तिथल्या माणसाने ठरवलेलं असतं. ते सीडीवर आहे. आता तुम्ही त्याच्यावर आपल्या सोप्याच्या भिंतीची गुंज आणखी चढवली, तर त्या माणसाने लिहिलेलं पुसून आपलं लिहिल्यासारखं झालं. भावासाठी स्पीकर ही काच आहे. काचेला रंग असला की ती काच बिघडली.

बोस यांचं म्हणणं अगदी उलट टोकापासून सुरू होतं. प्रत्यक्ष मैफिलीच्या सभागृहात ऐकणाऱ्याच्या कानावर वाद्यापासून थेट येणारा आवाज थोडाच असतो. बराचसा भिंतींवरून, छतावरून फिरून येतो. घरातला साधा स्पीकर मात्र सगळा आवाज नळातून पाणी सोडावं तसा थेट तुमच्यावर सोडतो. म्हणून 1966 मध्ये त्यांनी पहिला स्पीकर काढला त्यात बावीस छोटे स्पीकर होते आणि तो खोलीच्या कोपऱ्यात बसवायचा होता. तो फारसा खपला नाही. 1968 चा 901 खपला, पुढे पंचेचाळीसहून अधिक वर्षं बनत राहिला. त्याची जाहिरात ज्या आकड्यावर चालायची तो म्हणजे 89 टक्के आवाज भिंतीवरून आणि 11 टक्के थेट. गंमत अशी, की एवढा नेमका आकडा सांगणारी कंपनी बाकीची मापं छापतच नव्हती. अमुक सुरापासून तमुक सुरापर्यंत किती समान वाजतो, हा आलेख इतर कंपन्या देत, बोस देत नसे. मापांवर विश्वास ठेवून फसलेल्या माणसाची कंपनी ती. त्यांच्या दृष्टीने हा प्रामाणिकपणा, नाद असलेल्यांच्या दृष्टीने लपवाछपवी. बी.एड.ला आम्हाला वस्तुनिष्ठ प्रश्न आणि निबंधाचा प्रश्न यांतला फरक शिकवला होता. वस्तुनिष्ठ प्रश्नाला उत्तरपत्रिका असते. निबंधाला दोन परीक्षकांनी दिलेले गुण कधी जुळत नाहीत. बोसने काय केलं, तर वस्तुनिष्ठ भाग सोडवलाच नाही आणि निबंधावर पैकीच्या पैकी मागितले. वर पेपरची फी जास्त! पैशाचा मुद्दा भाऊ कधी विसरत नाही. एवढ्या किमतीत एवढेसे कागदी शंकू, बाकीचा पैसा जाहिरातीचा, असं त्याचं म्हणणं. मी त्याला विचारलं, तुझ्या स्पीकरच्या वायरीला किती लागले? त्याने विषय बदलला.

पण माझं लक्ष सगळ्यात जास्त वेधलं ते एका खटल्याने. मला स्पीकरातलं कळत नाही, शब्दांतलं थोडंफार कळतं.

अमेरिकेत 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' नावाचं मासिक आहे. ते जाहिराती घेत नाही, वस्तू तपासून ग्राहकांना सांगतं. मे 1970 च्या अंकात त्यांनी स्पीकरांची परीक्षा छापली आणि त्यात 901 वर वेगळं टिपण दिलं. टिपण सगळं वाईट नव्हतं. ही चीज इतकी निराळी आहे की घेण्याआधी स्वतः ऐकून ठरवा, असाही सल्ला त्यात होता. पण एका वाक्यात असं होतं, की एकेक वाद्य या स्पीकरातून अवाढव्य झाल्यासारखं वाटतं आणि खोलीभर भटकतं. म्हणजे पन्नास वर्षांनी माझा भाऊ आठ फुटी कव्वालाबद्दल जे बोलला तेच. त्याने ते मासिक वाचलेलं नव्हतं.

बोस यांनी दुरुस्ती छापा म्हटलं, मासिकाने नाही म्हटलं, प्रकरण कोर्टात गेलं. आणि तिथे वर्षानुवर्षं कीस पडला तो एका शब्दप्रयोगाचा. वाद्यं खोलीभर भटकतात, की समोरच्या भिंतीलगत दोन स्पीकरांच्या मधे इकडून तिकडे सरकतात? साक्षीला आलेल्या मासिकाच्या इंजिनिअरने सांगितलं, की मला भिंतीलगतच म्हणायचं होतं. मग लिहिलं काय? खोलीभर. खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशांना ते पटलं नाही. इतका हुशार, इंग्रजी चांगलं येणारा माणूस, त्याला दोन शब्दांतला फरक कळत नसेल? त्यांनी धरलं, की वाक्य खोटं आहे हे माहीत असून छापलं. बोसना एक लाख डॉलरहून थोडी अधिक भरपाई मंजूर झाली. अपिलात निकाल फिरला. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध सहा मतांनी मासिकाच्या बाजूने शिक्कामोर्तब केलं. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा: शब्द चुकला असेल, पण ऐकलेला आवाज शब्दांत पकडायला जाणाऱ्या माणसाचा शब्द चुकू शकतो. चुकीचा शब्द म्हणजे जाणूनबुजून केलेली बदनामी नव्हे. वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्यावरच्या अभ्यासात हा निकाल आजही शिकवतात.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. हसू नका. 'खोलीभर' आणि 'भिंतीलगत' यांत चौदा वर्षं गेली. आणि मी सतराव्या वर्षी अर्ध्या सेकंदात 'तेल का डब्बा' म्हणून मोकळी झाले होते.

शिवाय त्या इंजिनिअरची अडचण मला आतून कळली. आवाजासाठी आपल्याकडे स्वतःचे शब्द थोडे आहेत. बाकीचे डोळ्यांकडून आणि हातांकडून उसने आणलेले. उजळ, उबदार, गोल, जाड, बारीक, धारदार. भावाच्या इंग्रजी मासिकांतही हीच उसनवारी. दोघे जण एकाच गोष्टीला 'मोकळा आवाज' म्हणतात, एकाच्या मनात सभागृह असतं, दुसऱ्याच्या मनात स्वच्छ पुसलेली काच, आणि दोघं रात्रभर भांडतात.

त्या दिवशी चाचा मात्र बराच वेळ काही बोलले नव्हते. भावाने न राहवून विचारलं, "चाचा, तुम्हीच सांगा. बरोबर आहे का हे?"

चाचा म्हणाले, "मी मैफिलीत पुढं बसतो. हे मागं खांबाला टेकून ऐकल्यागत आहे." भाऊ खूश झाला. चाचा पुढे म्हणाले, "मागं बसणाऱ्यालाबी मैफिलच ऐकू येते की रे."

मग त्यांनी जवारीचं सांगितलं. तंबोऱ्याची, सतारीची तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा ते कानशीने घासतात. केसाएवढा फरक पडला तरी आवाज बदलतो. खुली जवारी काढली की तार झणझणते, सुराभोवती सुरांचा पिसारा उभा राहतो. बंद जवारी काढली की आवाज गोळीबंद, गाण्याच्या जवळचा. "गिऱ्हाईक आलं की पहिलं विचारतो, कुणाचं ऐकता? रविशंकरांचं म्हटलं की खुली. विलायत खाँसाहेबांचं म्हटलं की बंद. न विचारता काढली तर बाजा परत येतो. चांगला केलेला बाजा परत येतो, बरं का."

भाऊ म्हणाला, "पण चाचा, वाद्य वेगळं आणि स्पीकर वेगळा. वाद्याने आवाज निर्माण करायचा, स्पीकरने जसाच्या तसा द्यायचा. स्पीकरला स्वतःची जवारी कशाला?"

याला चाचांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. भावाचं हे म्हणणं मला आजही बिनतोड वाटतं, आणि तरी मी त्याच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्या खुणेवरच्या खुर्चीत बसते तेव्हा दहा मिनिटांत मला उठावंसं वाटतं. आवाज सुंदर असतो. गायक दोन स्पीकरांच्या मधोमध हवेत उभा असतो, त्याचा श्वाससुद्धा कुठून आला ते दाखवता येतं. पण वहिनी शेजारी मोड्यावर बसली तर तिला ते नसतं. खुर्ची एकच आहे. तिथे गाणं ऐकायला माणसं एकामागून एक बसतात, दाढी करायला बसावं तशी. मामूंनी ते स्पीकर घेतले तेव्हा दम्मामच्या खोलीत ते आठ जण राहत होते, आणि मिरजेच्या सोप्यात तीस माणसं असतील हे त्यांच्या डोक्यात होतं. ज्याला एकट्याने ऐकायचं आहे त्याचा स्पीकर आणि ज्याला सगळ्यांना ऐकवायचं आहे त्याचा स्पीकर एकच कसा असेल? वादाचं सगळं मूळ इथेच आहे असा माझा दावा नाही, किंमत आणि जाहिराती यांचा राग खराच आहे. पण मापांच्या भांडणात ही खुर्ची कुणी मोजत नाही.

भावावर नियतीने एक सूडही उगवला. मॅकिन्टॉश म्हणून अमेरिकेतली जुनी कंपनी आहे, निळ्या काट्यांच्या अॅम्प्लिफायरांची. नाद असलेल्यांत तिला मोठा मान, भावाच्या तर भिंतीवर तिचं चित्र आहे. 2024 च्या नोव्हेंबरात बोसने तिची मालकी असलेला समूहच विकत घेतला. बातमी मामूंनी फोनवर वाचली आणि भावाला पाठवली. सोबत काही लिहिलं नाही, नुसतं एक गुलाबाचं फूल टाकलं.

आता त्या दिवसाचं राहिलेलं सांगते. चाचा गेले, भाऊ वायरी गुंडाळत होता. मामूंनी मला हाक मारली. "बेटा, अब बोल. डब्बे में से आ रहा?"

चोवीस वर्षं झाली होती. मी माफी मागायला सुरुवात केली, की मामू, मला माहीत नव्हतं ती पेटी जोडलेली नाही म्हणून, मी लहान होते. त्यांनी हाताने थांबवलं.

"तू सही बोली थी. डब्बे में से ही आ रहा था. मुझे भी सुनाई देता था ना." मग जरा थांबून म्हणाले, "सब के सामने बोली, बस."

मी काही बोलले नाही. नानीचे विणलेले रुमाल धुऊन दोरीवर वाळत घातले होते. मामींनी विचारलं, हे आता परत खोक्यांवर टाकायचे का? मामू म्हणाले, टाकू नका, मागे आठ तोंडं आहेत, श्वास घेऊ देत. आणि त्यांनी सीडी पुन्हा सुरुवातीपासून लावली. भाऊ या वेळी खुर्ची सोडून सतरंजीवर भिंतीला टेकून बसला होता, हातात फोन होता, ऐकत होता की नाही कुणास ठाऊक.